१८६ फोटोंची लिंक पाठवलीस ना, त्यावर

रविवारी तू लॅपटॉप मिटून गेलीस आणि माझ्या डोक्यातून ते काही जाईना, म्हणून लिहायला बसलो. फोनवर बोललो असतो तर मी चिडलो असतो आणि तू नुसतं हो काका, हो काका करत राहिली असतीस.

तुझा प्रश्न काय होता, तर क्लायंट तीन आठवडे रिप्लाय देत नाहीये, त्यांना राग येणार नाही असा रिमाइंडर कसा टाकू. अगं, रिमाइंडरने काय होणार आहे? तू एका बाईंना, एका साडीतल्या, एका तासात काढलेल्या १८६ फोटोंची लिंक पाठवलीस. त्या बँकेतून रिटायर होतायत, लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःचा एकटीचा फोटो काढून घ्यायला आल्या, आणि तू निवडायचं काम त्यांच्याच गळ्यात टाकलंस. निवडणं हे तुझं काम आहे. लाइट लावणं, त्यांना बोलतं करणं जितकं तुझं तितकंच हेही तुझं, आणि त्याचेच पैसे घेतो आपण.

तुला वाटतंय त्यांना फोटो आवडले नाहीत. काय झालं असेल ते मी सांगतो. रात्री सगळं आवरून त्या मोबाइल घेऊन बसल्या असतील. पहिले चार-पाच बघून खूश झाल्या असतील, खरंच. मग दहा झाले, मग पंधरा, आणि पंधराव्याच्या आसपास माणूस फोटो बघायचं सोडून स्वतःची मान बघायला लागतो. मग हनुवटी, मग डावा डोळा बारीक वाटतो, मग केस किती विरळ झालेत. शंभरपर्यंत पोचल्या असतील तर त्यांची खात्रीच झाली असणार की आपण फोटोत चांगल्या येत नाही. त्या आता तुला काय रिप्लाय देणार, सांग.

त्यात माणूस स्वतःला जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. कॅमेरा सुलटं दाखवतो. १९७७ साली अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट यांनी यावर प्रयोग केला होता, एकाच फोटोची एक सुलटी प्रिंट आणि एक आरशातल्यासारखी उलटी. ज्यांचा फोटो त्यांना बहुतेक करून उलटी आवडली आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटी. म्हणजे स्वतःचा फोटो बघताना माणसाला काहीतरी चुकल्यासारखं वाटणारच, आणि तू ते चुकल्यासारखं वाटणं १८६ वेळा दाखवलंस.

तुझं फोल्डर मी नीट बघितलं. ०४१२ ते ०४२०, नऊ फोटो, तेच हसू, तोच अँगल, एकात पदराचा काठ केसभर सरकलाय एवढाच फरक. नऊही चांगले आहेत गं. पण नऊच्या नऊ पाठवलेस याचा अर्थ यातला चांगला कुठला हे तुझंच ठरलेलं नाही. आणि ०५३७ बघ. चष्मा काढून पदराने पुसतायत आणि कोणीतरी हाक मारल्यावर बघावं तसं वर बघतायत, ओठ जरासे उघडे, नाकावर चष्म्याचे दोन वळ. मी त्या बाईंना कधी भेटलो नाही पण तो फोटो बघून वाटलं, यांना आपण ओळखतो. तो तू लिंकमध्ये १३१ नंबरवर ठेवलायस. तिथपर्यंत त्या आल्याच नसतील.

मी शिकलो यशिका मॅट या रोलच्या कॅमेऱ्यावर. १२० चा रोल, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या फ्रेम, एका रोलवर १२ फोटो. एका गिऱ्हाइकाला एक रोल हा आमच्या मालकांचा नियम. कॉन्टॅक्ट, म्हणजे सगळ्या फ्रेमचा एकाच कागदावर छोटा प्रिंट, काढायचा, भिंगातून बघायचा, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या आणि १२ पैकी ४ गिऱ्हाइकासमोर ठेवायचे. बाकीचे कुठे आहेत असं कोणी विचारलंच तर मालक म्हणायचे, तुमचे हे चार. मला तेव्हा भयंकर राग यायचा, वाटायचं हे कोण ठरवणारे. मग स्वतःचा स्टुडिओ टाकला, २००५ मध्ये निकॉन डी ७० हा डिजिटल कॅमेरा घेतला, रोलचा खर्च गेला आणि मी सुटलो. दोनशे काढायचो, दोनशे दाखवायचो, वर पेन ड्राइव्ह द्यायचो. लोक म्हणायचे वा, किती काढलेत, आणि मला ते कौतुक वाटायचं.

मग एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हॉलमध्ये लावायला २० बाय २४ इंची एक फ्रेम, एवढंच हवं होतं त्यांना. मी २१४ फोटो दिले. मोठ्याला एक आवडला, धाकट्याला दुसरा, सुनेला तिसरा, नातीने आणखी पाच निवडले, मग दिवाळीत सगळे जमले की ठरवू असं झालं, मग ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. मीही विचारलं नाही, माझे शूटचे पैसे मिळाले होते. दोन वर्षांनी तेराव्याला गेलो तर हाराखाली आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला. ठिपके ठिपके झालेला, डोळे अर्धवट मिटलेले. मी जेवलो नाही तिथे. घरी येऊन हार्ड डिस्क लावली, त्यातला एक निवडला, मला निवडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, प्रिंट काढली, फ्रेम केली आणि तिसऱ्या दिवशी नेऊन दिली. आजींनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हा कधी काढलात?

दोन वर्षं तो त्यांच्या कपाटात होता. पेन ड्राइव्हमध्ये, २१३ फोटोंच्या खाली.

ती पाच मिनिटं मी आधी दिली असती तर, हे अजून जात नाही मनातून. म्हणून माझा नियम वीस. एक माणूस, एक तास, जास्तीत जास्त वीस, आणि एकच कपडे असतील तर बारा-पंधराच्या वर जायचं नाही. एकविसावा फारच सुंदर असेल तर आधीच्या वीसमधला एक काढ आणि तो घाल. दोन फोटोंतला फरक तुला स्वतःला पटकन सांगता येत नसेल तर त्यातला एक जाणार. मोठी प्रिंट काढायची लाज वाटेल असा एकही प्रूफमध्ये, म्हणजे निवडायला दाखवायच्या फोटोंत, नको, कारण लोक नेमका तोच निवडतात, हे मी लिहून देतो.

तू म्हणशील क्लायंट सगळे मागतात, पैसे दिलेत म्हणतात. मागतात ना. मलाही मागितलेत, एका घरच्यांनी तर स्टुडिओत उभं राहून आवाज चढवला, मी ॲडव्हान्स परत केला पण बाकीचे दिले नाहीत. गावभर झालं की याला गर्व चढलाय. चढला असेल असं वाटत असेल त्यांना, पण मला आजही ते बरोबर वाटतं. शिंपी उरलेल्या चिंध्या कपड्याबरोबर घडी करून देतो का? भांडण नको असेल तर ॲडव्हान्स घ्यायच्या आधी लिहून दे, वीस दाखवणार, त्यातले पाच रिटच करून देणार, बाकीचे मिळणार नाहीत. माझं तेव्हा लिहिलेलं नव्हतं, तेवढी चूक माझी.

वीसला अपवाद आहेत, नाही असं नाही. नाटकातली पोरं पोर्टफोलिओला येतात त्यांना तीस लागतात कारण कास्टिंगवाल्याला वेगवेगळे भाव बघायचे असतात. मोठं कुटुंब असेल तर आजी-नातवंडं, दोघं भाऊ, नुसत्या सुना अशा जोड्या होतात, तिथे आकडा वाढतो, पण प्रत्येक जोडीचे दोन-तीनच. तुझ्या बाईंना यातलं काहीच लागू नाही.

आणि लिंक पाठवणं बंद कर बाई. लिंक फॅमिली ग्रुपवर जाते, तिथे आत्या-मावश्या मतदान करतात आणि फोटो ज्याचा तो गप्प बसतो. समोर बसवून दाखव. मी अजूनही ४ बाय ६ च्या प्रिंट काढून टेबलावर मांडतो, दोन हातात देतो, हा की हा, हरलेला उलटा ठेवायचा, जिंकलेल्यासमोर पुढचा. अर्ध्या तासात तीन-चार उरतात आणि माणूस ते जाताना छातीशी धरून नेतो. त्या अर्ध्या तासात तू त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, कुठल्या फोटोला हात थांबतो ते लगेच कळतं.

तर आता असं कर. त्यांना मेसेज नको, फोन कर. सांग की लिंक माझ्याकडून घाईत गेली, ती बघू नका, मी निवडून प्रिंट घेऊन येते, शनिवारी चहाला येऊ का. मग लिंक डिलीट कर. त्याआधी गुरुवारी दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे ये, पण तुझे वीस तू घरूनच निवडून आण, मी एकही निवडून देणार नाही. ०५३७ त्यात असला पाहिजे एवढंच सांगतो. तो कितवा दाखवायचा ते गुरुवारी बोलू.