मॅडम, हिशोब जुळतो, पण स्वतःबद्दल काय लिहू?

"मॅडम, मी अकाउंटिंगला ॲडमिशन घेतली ती आकडे आवडतात म्हणून, आणि आता हे विचारतात तुला काय वाटलं ते लिही. काय वाटलं म्हणजे काय?"

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक आहे, आणि पहिलं सेमिस्टर निम्म्यावर आलं की हे वाक्य थोड्याफार फरकाने माझ्या समोरच्या खुर्चीतून ऐकू येतंच. अकाउंटिंगची पहिल्या वर्षाची मुलं परीक्षेच्या टेन्शनने येत असतील असं लोकांना वाटतं, पण माझ्याकडे त्यातली बरीच जण येतात ती रिफ्लेक्टिव्ह रायटिंगच्या असाइनमेंटमुळे. ग्रुप प्रोजेक्ट झाला की त्यावर आठशे-हजार शब्द लिहायचे, काय केलं, काय वाटलं, काय समजलं, पुढच्या वेळी काय वेगळं करणार. ज्या मुलांनी शाळेत इतकी वर्षं उत्तर बरोबर की चूक एवढंच बघितलंय त्यांना हे सगळं धुक्यात चालल्यासारखं वाटतं, आणि आतून लाज पण वाटत असते, फक्त ती कुणी बोलून दाखवत नाही.

इतक्यांदा ऐकलंय म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. आम्ही सहा वेळा भेटलो, पण मी इथे मोजकंच सांगणार आहे.

पहिल्या भेटीत त्याने आल्या आल्या पेपर टेबलावर ठेवला. २५ पैकी ११. बाजूला सरांनी लिहिलं होतं, "वर्णन भरपूर आहे, पण यात तू कुठे आहेस?"

"बाकी सगळ्या विषयांत मला ऐंशीच्या वर आहेत," तो म्हणाला. "इथे माझं नेमकं काय चुकलं तेच कुणी सांगत नाही. चूक कळली तर मी सुधारतो ना."

चूक कळली तर सुधारतो, हे त्याचं वाक्य मी मनात ठेवून दिलं. मग त्याला म्हटलं, एक परिच्छेद वाचून दाखव. त्याने वाचला: या प्रोजेक्टमधून मला टीमवर्कचं महत्त्व समजलं, वेळेचं नियोजन कसं करावं हे शिकायला मिळालं, भविष्यात मी अधिक चांगला संवाद साधण्याचा प्रयत्न करेन.

"हे खरं आहे?"

"म्हणजे... खोटं नाहीये."

"ग्रुपमधल्या बाकी तिघांनी काय लिहिलं?"

तो थोडा हसला. "जवळपास हेच."

मग थोडा वेळ गप्प बसून त्याने मनातलं विचारलं, की मॅडम, याचा अकाउंटिंगशी संबंधच काय, उद्या मी कुणाचं ऑडिट करणार तर मला काय वाटतं याच्याशी कुणाला काय घेणं? हा प्रश्न मला उद्धट वाटत नाही, त्याचं सरळ उत्तर दिलं पाहिजे असंच मला वाटतं. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ अकाउंटंट्सची अकाउंटंटच्या शिक्षणासाठीची जी मानकं आहेत, त्यातलं चौथं मानक मूल्यं, नीतिमत्ता आणि दृष्टिकोन याबद्दल आहे, आणि २०१५ पासून लागू झालेल्या त्याच्या आवृत्तीत विद्यार्थ्याने आपल्या अनुभवावर विचार करावा आणि तो लेखी नोंदवावा अशी स्पष्ट अपेक्षा आहे, म्हणजे हे खूळ कुणा एका सरांच्या डोक्यातून आलेलं नाही. दुसरी गोष्ट ऑडिटची. ऑडिटच्या कागदपत्रांविषयीचं आंतरराष्ट्रीय मानक, क्रमांक २३०, असं सांगतं की ज्या अनुभवी ऑडिटरचा त्या कामाशी आधी काही संबंध नव्हता त्याला नुसते तुमचे कागद वाचून कळलं पाहिजे की तुम्ही काय तपासलं, कुठे तुम्हाला स्वतःचा निर्णय घ्यावा लागला आणि तो तुम्ही कशावरून घेतला. डोक्यात काय चाललं होतं ते कागदावर आणायची सवय नसेल तर हे जमणार कसं?

त्याला पटलं. पण पटणं आणि जमणं यात बरंच अंतर असतं, पुढच्या भेटीत तो पुन्हा तसलाच एक गुळगुळीत परिच्छेद घेऊन आला.

तिसऱ्या भेटीला मी त्याला सांगितलं होतं, असाइनमेंट आणू नकोस, तुझी अकाउंट्सची रफ वही आण. त्याला नवल वाटलं पण आणली. मी पानं उलटत होते, आणि एका पानावर ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजू जुळतात का ते बघायचा तक्ता) होता, त्यात एक जागा इतक्या वेळा खोडरबराने घासली होती की कागद पातळ होऊन मागच्या पानावरचे आकडे दिसत होते.

"इथे काय झालं होतं?"

आणि हा मुलगा, ज्याला ‘स्वतःबद्दल’ चार ओळी लिहिता येत नव्हत्या, तो जवळजवळ दहा मिनिटं न थांबता बोलला. जमेची बाजू ४५० ने जास्त येत होती. सगळ्या बेरजा दोनदा केल्या, आल्या तेवढ्याच. मग आठवलं की फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, ४५० ला ९ ने भाग जातो, मग एकेक खातं काढत बसला, आणि शेवटी एका पुरवठादाराच्या खात्यात सापडलं, खरेदीच्या पुस्तकात ८,१६३ होते आणि खात्यात उतरवताना लिहिले होते ८,६१३. सांगताना त्याचे डोळे चमकत होते, हात हवेत आकडे लिहीत होते.

"लगेच सापडलं?"

तो जरा थांबला. "नाही. आधी मी ते ४५० सस्पेन्स अकाउंटला, म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायच्या खात्याला टाकले, दोन्ही बाजू सारख्या झाल्या, आणि झोपायला गेलो. पण झोपच येईना. परत उठून बसलो."

"का रे? दोन्ही बाजू तर सारख्या झाल्या होत्या."

"हो पण मॅडम, ते जुळलेलं नव्हतं. जुळवलेलं होतं."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत काही वाक्यं अशी ऐकलीत की त्यानंतर समुपदेशकाने काही बोलूच नये, फक्त तोच शब्द परत त्या माणसाच्या हातात द्यावा. मी त्याच्या असाइनमेंटचा पेपर फाइलमधून काढला, वहीच्या शेजारी ठेवला आणि एवढंच विचारलं, "आणि हे?"

बराच वेळ तो त्या पेपरकडे बघत राहिला. बहुतेक मिनिटभर, पण खोलीत ते फार लांब वाटलं. मग म्हणाला, "हे जुळवलेलं आहे."

त्यानंतर जे बाहेर आलं ते त्या हजार शब्दांत कुठेच नव्हतं. प्रोजेक्टमध्ये एका कंपनीचे हिशोब तयार करायचे होते. ग्रुपमधल्या एकाने नवीन मशीन बसवण्याचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात टाकला होता. खरं तर मशीन वापरायला तयार होईपर्यंतचा असा खर्च मशीनच्या किमतीतच धरतात. ही तत्त्वाची चूक, आणि गंमत म्हणजे अशी चूक झाली तरी ट्रायल बॅलन्स व्यवस्थित जुळतो, कारण नावे पडायचे तेवढेच पडतात, फक्त चुकीच्या खात्यात पडतात. याने ते रिपोर्ट द्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच पाहिलं होतं आणि तो काही बोलला नाही. रिपोर्ट तसाच गेला, सगळ्यांचे मार्क कापले गेले, आणि याने लिहिलं, टीमवर्कचं महत्त्व समजलं.

"का नाही बोललास?"

"तो मित्र हुशार आहे. मी बोललो असतो आणि मीच चुकीचा निघालो असतो तर?"

"तर काय झालं असतं?"

"सगळ्यांसमोर माझी किंमतच राहिली नसती."

मी समुपदेशनाच्या ज्या विचारपद्धतीत (विवेकनिष्ठ मानसोपचार) घडले तिचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये घातला, आणि ती मराठीत शिकताना-शिकवताना एका अक्षराचा फार उपयोग होतो, ते अक्षर म्हणजे ‘च’. मी बरोबरच असलो पाहिजे, माझी चूक होताच कामा नये, झाली तर मी बिनकामाचाच. इच्छा म्हणून ठीक आहे, बरोबर असावं असं प्रत्येकाला वाटतं, पण त्या इच्छेला ‘च’ चिकटला की तिचा हट्ट होतो आणि तो हट्ट माणसाला गप्प बसवतो. मी त्याला कागदावर ते वाक्य लिहायला सांगितलं आणि मग सगळे ‘च’ खोडायला सांगितले. मी बरोबर असलो तर मला आवडेल, चुकलो तर वाईट वाटेल, पण चुकलेली एंट्री म्हणजे मी नव्हे. शेवटचा तुकडा त्याचा स्वतःचा, मी सुचवला नव्हता, आणि मला आजही त्याचं कौतुक वाटतं.

माझ्या तेव्हा लक्षात आलं (आणि त्यानंतर मी या मुलांशी बोलायची माझी पद्धतच बदलली) की यांना लिहिता येत नाही, भावना कळत नाहीत, असं आपण उगाच धरून चालतो. ही मुलं चूक शोधण्यात तरबेज असतात. यांना फक्त हे कुणी सांगितलेलं नसतं की रिफ्लेक्टिव्ह रायटिंग म्हणजे तेच काम आहे, खातं तेवढं वेगळं. जर्नल, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, हा शब्द तर यांच्या रोजच्या वापरातला. प्रत्येक जर्नल एंट्रीखाली ही मुलं न चुकता नॅरेशन लिहितात, कशासाठी ही एंट्री पास केली ते. माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त असाइनमेंटमध्ये एंट्र्या असतात आणि नॅरेशन नसतं, काय काय घडलं ते सगळं असतं, मी असं का वागलो ते कुठेच नसतं.

तर ज्यांच्यासमोर ही असाइनमेंट आहे त्यांच्याशी थोडं बोलते. अख्खा प्रोजेक्ट घेऊ नका, त्यातली एक संध्याकाळ घ्या, एक निर्णय, एक गप्प बसणं. काय झालं, मग त्याचं काय, आता पुढे काय, हे तीन प्रश्न शिक्षणतज्ज्ञ टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये मांडले होते आणि माझ्या अनुभवात पहिल्या वर्षाला ते पुरतात. कॉलेज बहुतेक वेळा शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्स यांचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र देतं, वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती, तेही चांगलं आहे, पण मुलं ते फॉर्मसारखं भरतात आणि वर्णनाच्या रकान्यातच निम्मे शब्द संपवतात. वर्णन एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ देऊ नका.

‘करण्यात आलं’ हे दोन शब्द लिहिताना हात थांबवा. निर्णय घेण्यात आला, आकडा बदलण्यात आला. कुणी बदलला? ‘शिकायला मिळालं’ पण तसंच, कुठून मिळालं, केव्हा, कोणत्या क्षणी? इथे ‘मी’ लिहिणं चुकीचं नाही, सरांनी तेच मागितलंय. आणि ‘वाईट वाटलं’वर थांबू नका, ते फार मोठं गाठोडं आहे, सोडून बघा आत काय आहे, चीड आहे, हेवा आहे, भीती आहे की खजील झालात. माझ्या या मुलाने आधी ‘टेन्शन आलं’ लिहिलं होतं, मग ते खोडून ‘मी ओशाळलो’ लिहिलं, आणि त्या एका शब्दाने पुढचा सगळा परिच्छेद त्याला आपोआप सुचला.

ज्या दिवशी घडलं त्याच दिवशी रफ वहीत पाच ओळी टाकून ठेवा. आठवड्याने आठवण स्वतःच सगळं गुळगुळीत करून ठेवते. आणि शेवटी पुढे काय करणार हे असं लिहा की केलं की नाही ते तपासता येईल. संवाद सुधारेन हे कुणी तपासू शकत नाही, शंका आली की त्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ टाकेन हे तपासता येतं.

बरीच मुलं विचारतात, सगळंच लिहायचं का? नाही. ग्रुपमधल्यांची नावं लिहू नका, घरातली दुखणी लिहायची गरज नाही, आणि जी चूक झालीच नाही ती मार्कांसाठी तर मुळीच तयार करू नका, तीही जुळवाजुळवच. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्यांचंही तेच, वाक्यं सुरेख असतात पण त्यात ती झोप न लागलेली रात्र नसते. लिहिता लिहिता काही असं वर आलं की जे मनातून जातच नाहीये, तर ते असाइनमेंटमध्ये टाकू नका, ते घेऊन एखाद्या विश्वासातल्या माणसाकडे या, आमच्याकडे या, त्यासाठीच आम्ही बसलोय.

त्याच्या पुढच्या असाइनमेंटला २५ पैकी १७ आले. तो जरा खट्टू झाला होता, वीसची अपेक्षा होती. मी विचारलं, कुठे गेले आठ? तर म्हणाला, विश्लेषण अजून कमी पडतंय, मला दिसतंय कुठे. मला हे ‘दिसतंय’ त्या १७ पेक्षा मोठं वाटलं.

शेवटच्या भेटीत त्याने जाता जाता एक सांगितलं. मशीनचा खर्च ज्या मित्राने दुरुस्तीत टाकला होता त्याला याने आपलं नवीन लिखाण वाचायला दिलं. माझ्याही छातीत जरा धस्स झालं, म्हटलं, मग काय म्हणाला तो?

"तो म्हणाला, मला पण डाउट होता रे. पण तू काहीच बोलला नाहीस, म्हणून मला वाटलं बरोबर असेल."