बायका शिबिराला का येत नाहीत?

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातल्या गावाची नवी सरपंच. सकाळी ११ वाजता रक्त तपासणीचं शिबिर ठेवलं, जेमतेम दहा जणी आल्या. काय चुकलं?

उत्तर : ताई, वेळ. द्राक्षाच्या हंगामात मजूर बायकांची पिकअप गाडी सकाळीच बागेकडे निघते. शिबिर संध्याकाळी घ्या. विषय आधी महिला ग्रामसभेत मांडा.

आता तपासणीनंतरचं. बाईचं हिमोग्लोबिन (रक्तातला लाल घटक) १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, म्हणजे रक्तक्षय, अंगात रक्त कमी. गरोदर बाईला लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस. खरी गळती इथेच! मळमळतं म्हणून गोळ्या डब्यात पडून राहतात. जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्यायला सांगा. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळी होते, घाबरू नका, हे गावातल्या आशा कार्यकर्तीने गोळ्या देतानाच सांगावं.