नम्रतेच्या नावाखाली नकार नको

कोल्हापूर

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र मिळाले. युवक रविवारचा संदेश तू द्यावास असे चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवले आणि ‘माझी तेवढी योग्यता नाही’ असे सांगून तू तो टाळलास. इकडे शिरोलीच्या कारखान्यात वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म हाती आला आहे, त्यात स्वतःच्या कामाबद्दल काय लिहावे हे तुला सुचत नाही, कारण आपली बाजू आपणच मांडणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही असे तुझ्या मनाने घेतले आहे. नम्रता किती असावी आणि आत्मविश्वास किती, याचे प्रमाण तू विचारतेस. असे प्रमाण मला सांगता येणार नाही, कारण एक वाढले की दुसरे घटते अशातल्या या गोष्टी नाहीत. आपले जे काही आहे ते कोणाकडून आले हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याच्या ठायी दोन्ही एकदमच दिसतात.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाच. येशू शिष्यांचे पाय धुतो हे आपल्याला लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेपासून पाठ असते. पण त्याच्या अगोदरचे वाक्य आपण घाईघाईने ओलांडून जातो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो भोजनावरून उठला व त्याने कमरेला रुमाल बांधला, असे तिथे लिहिले आहे. आपण कोण आहोत याविषयी त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती, आणि म्हणूनच गुडघे टेकताना आपले काही कमी होईल अशी धास्ती त्याला वाटली नाही. त्या रात्री शिष्यांपैकी कोणी पाणी घेऊन उठले नाही, याचे कारण मला वाटते उलट होते: आपल्यात मोठा कोण हा त्यांचा वाद लूकच्या वृत्तांताप्रमाणे त्या भोजनाच्या वेळीही चालूच होता.

खासबागेच्या मैदानात मल्ल उतरतो तेव्हा आधी हौद्यातली माती कपाळाला लावतो आणि मग शड्डू ठोकतो. मातीला वाकला म्हणून त्याने शड्डू हळू ठोकावा, असे कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही.

आता तुझ्या नकाराकडे येतो. पवित्र शास्त्रातल्या निर्गमच्या 3ऱ्या अध्यायात, फारो राजाकडे जाऊन इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर आण असे देवाने सांगितले, तेव्हा मोशेने देवाला ‘मी कोण?’ असे विचारले. देवाने त्यावर मोशेच्या गुणांची यादी वाचून दाखवली नाही. ‘मी तुझ्याबरोबर असेन’ एवढेच सांगितले. आत्मविश्वास वाढवण्याची जी व्याख्याने आजकाल मोबाइलवर ऐकायला मिळतात, ती याच ठिकाणी पवित्र शास्त्रापासून वेगळी होतात, पण तो विषय इथे लांबवीत नाही. मोशेने पुढे एकामागून एक अडचणी काढल्या आणि देवाने प्रत्येकीला धीराने उत्तर दिले. शेवटी मात्र मोशे म्हणाला की दुसऱ्या कोणाला तरी पाठव, आणि तिथे देवाचा कोप भडकला. पहिला प्रश्न नम्रतेचा होता. शेवटचे वाक्य नम्रतेचे राहिले नव्हते. पृथ्वीवरील सर्व माणसांहून नम्र असे गणनाच्या 12व्या अध्यायात ज्याचे वर्णन येते तो हाच मोशे, आणि फारोच्या दरबारात जाऊन उभा राहिलेलाही हाच.

आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, एक सवय आहे, ती तुझ्याही कानावर असेल. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आपण किती अज्ञानी, किती अपात्र आहोत हेच पाच मिनिटे सांगतो, आणि प्रभूविषयी बोलायला दोन मिनिटे उरतात. बोलून झाले की तो खाली बसता बसता शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे हळूच पाहतो. स्वतःला कमी लेखणे हेदेखील स्वतःकडेच पाहत राहणे असते. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की कोणी स्वतःला मानावे त्याहून अधिक मानू नये, तर समंजसपणे मानावे. कमी मानावे, असे तो म्हणत नाही. त्यापुढे लगेच तो शिकवणे, सेवा करणे, बोध करणे अशी कृपादानांची नावे घेतो, म्हणजे हे मोजमाप कामाला लागण्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट कोल्हापुरात राहून आपण विसरता कामा नये. अमेरिकन मिशनरी वायल्डर 1852 साली या शहरात आले, आणि पुढच्या काळात या भागात ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळ घराणी अशा वस्त्यांतून आली होती जिथे माणसाला मान खाली घालून उभे राहणे सक्तीचे होते. शाहू महाराजांनी 1902 साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. 1920 साली माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून ‘तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला’ असे त्यांनी लोकांना सांगितले. मान वर करून जगण्याचा तो लढा होता. दुसऱ्याने वाकवलेल्या पाठीला नम्रता म्हणणे हा त्या लोकांवरही अन्याय आहे आणि शुभवर्तमानावरही. ज्याला ताठ उभे राहता येते, त्याने प्रेमापोटी वाकावे, हे येशूचे वाकणे होय.

पौलाला हा फरक चांगला कळत होता. लुस्त्र येथे लोक त्याला व त्याचा सोबती बर्णबा याला देव समजून बळी द्यायला निघाले, तेव्हा त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले. फिलिप्पै येथे मात्र चौकशी न करता त्याला व त्याचा सोबती सीला याला छड्या मारून तुरुंगात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जायला सांगितले, तेव्हा तो जागचा हलला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले, आणि ते आले. मागे राहणाऱ्या लुदियाच्या घरच्या लहानशा मंडळीवर गुन्हेगारांची मंडळी असा शिक्का बसू नये, हाही त्यात हेतू असावा असे मला वाटते. नम्रतेने एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, हे वाक्य पौलाने नंतर ज्या मंडळीला लिहिले ती हीच फिलिप्पैची मंडळी. ते वाक्य वाचणाऱ्यांत ती सकाळ आठवणारे कोणी ना कोणी असणारच, आणि त्यांना त्यात विसंगती वाटली नसावी.

आपल्या मराठी मातीतले उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून खुलेपणाने वाद घातला. विवेकाला न पटलेले मत केवळ वडीलधाऱ्यांचे आहे म्हणून त्यांनी स्वीकारले नाही. त्याच रमाबाईंनी पुढे स्वतःच्या लेखणीने लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली. हे एवढ्या मोठ्या विदुषीने जाहीरपणे लिहायला किती धैर्य लागले असेल!

तेव्हा पाळकसाहेबांना भेटून होकार कळव. तयारी नीट कर. तयारी न करता ‘आत्मा सुचवील’ म्हणून उभे राहणे मला नम्रतेचे वाटत नाही. कोणी स्तुती केली तर ‘आभारी आहे’ म्हणून थांब, स्तुती खोडून काढण्यात वेळ दवडू नकोस. कोणी चूक दाखवली तर ती खरी आहे का एवढेच पाहा. खरी असेल तर एकदा क्षमा माग, दहादा नको.

फॉर्मविषयी माझे मत स्पष्ट आहे. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, दोष कुठल्या पाळीत आणि कुठल्या साच्यावर येतात याची वही तू ठेवलीस आणि त्यामुळे रिजेक्शन कमी झाले, असे तूच मागच्या पत्रात लिहिले होतेस. फॉर्मवर ‘सर्वांच्या सहकार्याने सुधारणा झाली’ एवढेच लिहिलेस तर ते अर्धवट होईल, आणि खोटी साक्ष देऊ नये ही दहा आज्ञांतली शिकवण अर्धवट साक्षीलाही लागू होते असे मी मानतो. वही तू सुरू केलीस हे लिही, आकडे वहीत आहेत तेवढेच लिही, एकही वाढवू नकोस. रात्रपाळीच्या ज्या मोल्डरने साच्यातला ओलावा तुझ्या लक्षात आणून दिला, त्याचे नाव त्याच रकान्यात घाल; साहेबांपर्यंत त्याचे नाव पोहोचायला बहुधा दुसरा रस्ता नाही.

तुझे काका