रिफिलची शाई भरल्यापासून फोटोत चेहरे हिरवट येतात आणि आडव्या रेघा पडतात, काय करू?

तुम्ही लिहिलंय की सहा कलरच्या टँक प्रिंटरमध्ये ओरिजिनल संपल्यावर लोकल बाटल्या भरल्या, तेव्हापासून लग्नाच्या फोटोत शालूचा लाल बरोबर येतो पण चेहरे हिरवट, शिवाय बारीक रेघा, आणि हेड क्लिनिंग (शाई ओढून छपाईचं हेड साफ करणं) सात-आठ वेळा मारून झालंय. आधी ते क्लिनिंग थांबवा. माझं कुडाळजवळ फोटो-झेरॉक्सचं दुकान आहे, बरीच वर्षं रिफिलच वापरतोय, आणि माझा पहिला प्रिंटर शाईने नाही तर असल्या क्लिनिंगनेच गेला. दरवेळी शाई ओढली जाऊन खालच्या वेस्ट पॅडमध्ये जाते, पॅड भरला की प्रिंटर लाईटी मिचकावत बसतो आणि भर सीझनला दुकान बंद.

तुमच्या "शालू बरोबर, चेहरा हिरवा" यातच अर्धं उत्तर आहे. सहा कलरमध्ये गडद लाल येतो तो मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्यातून, पण चेहऱ्याचा उजळ भाग बराचसा लाईट मॅजेंटावर, म्हणजे फिकट गुलाबीवर चालतो. तो कमी पडला की चेहऱ्यात पिवळा आणि निळा उरतो, म्हणजे हिरवाच ना. हळदीचे फोटो असतील तर विचारूच नका, नवरी अगदी कच्च्या कैरीसारखी येते.

आता नोझल चेक (हेडच्या बारीक छिद्रांतून शाई नीट येते का ते दाखवणारी रेषांची टेस्ट प्रिंट) काढा आणि तो कागद खिडकीपाशी नेऊन बघा, ट्यूबलाईटखाली फिकट गुलाबी ओळीतली गॅप दिसतच नाही, मी दोनदा फसलोय. पिवळी ओळ तर पांढऱ्या कागदावर नुसती असल्यासारखी वाटते, तिच्यासाठी गणपतीच्या मखराला लावतात तो निळा जिलेटीन कागद डोळ्यासमोर धरा, पिवळ्या रेषा काळपट होऊन उठून दिसतात आणि तुटलेली जागा लगेच सापडते.

गॅप असेल तर एकदा क्लिनिंग, परत चेक, फार तर अजून एकदा, आणि मग बंद करून रात्रभर ठेवा. बऱ्याचदा शाई सुकलेली नसते, लाईनमध्ये हवा अडकलेली असते (बाटली खळखळ हलवून भरली की फेस होतो तो हाच) आणि ती गप्प ठेवल्यावर आपोआप वर येते. सकाळी परत चेक काढा, माझ्याकडे निम्म्या वेळा तेवढ्यावरच काम झालंय.

चेक पूर्ण आला तरी रेघा असतील तर हेड अलाइनमेंट (हेडची जुळवणी) करा, प्रिंट सेटिंगमधली हाय स्पीडची टिक काढा, आणि पेपर टाइपमध्ये प्लेन पेपर तर राहिलेला नाही ना ते बघा, हे हसण्यासारखं आहे पण गर्दीत हेच होतं.

रेघा नाहीत पण हिरवं तसंच, तर बाटल्या अदलाबदल झाल्यात का बघा. आमच्याकडे एकदा पोराने लाईट सायन (फिकट निळा) नेऊन सायनच्या टँकमध्ये ओतला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फोटोत समुद्र ताकासारखा आला. तेही नसेल तर शाईची शेडच वेगळी आहे. ड्रायव्हरमधले (प्रिंटर चालवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधले) प्रोफाइल, म्हणजे कुठला रंग किती शाईने काढायचा त्याचे हिशोब, कंपनीच्या शाईचे आणि कंपनीच्या कागदाचे असतात, लोकल शाईला ते लागू पडत नाहीत. एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो कलर मोडवर काढा, ग्रे जिकडे झुकेल तिकडे गडबड. यावर खरा इलाज म्हणजे त्या शाईचं आणि त्या कागदाचं प्रोफाइल बनवून घेणं. तोवर ड्रायव्हरमध्ये मॅजेंटा थोडा थोडा वाढवून एकाच ४ बाय ६ वर तोच चेहरा चार वेळा काढा, मागे पेनाने आकडे लिहा, पटेल तो ठेवा. फोटोशॉपमधून काढत असाल तर रंग एकतर फोटोशॉपने सांभाळायचे नाहीतर ड्रायव्हरने, दोघांनी मिळून सांभाळले की चांगल्या शाईचंही वाटोळं होतं.

बाकी आपल्याकडचा पाऊस. जुलैत ग्लॉसी पेपर उघडा राहिला की ओल धरतो, कडा वळतात, शाई पसरते आणि आपण शिव्या शाईला देतो. मी पाकिटं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, आत सिलिकाच्या पुड्या, आणि लागतील तेवढेच कागद काढतो. आणि लाईट! मधेच गेली की हेड कॅपवर (ते झाकून ठेवणाऱ्या जागेवर) न जाता उघडंच राहतं आणि नोझल सुकतात, म्हणून लाईट आल्या आल्या प्रिंटर चालू करून त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरचा स्विच आधी दाबू नका.

शाई घेताना सहाही रंग एकाच मेकचे घ्या, आणि डाय शाईच्या (रंग पूर्ण विरघळलेल्या) टँकमध्ये पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली शाई) अजिबात नको, गाळ धरून हेडच जाम होईल. रिफिल स्वस्त पडते हे खरंच, पण माझ्या काचेतल्या सॅम्पल फोटोंचा गुलाबी एका उन्हाळ्यात उडाला, त्यामुळे लग्नाचे अल्बम मी आता लॅबलाच पाठवतो आणि घरच्या प्रिंटरवर पासपोर्ट, वाढदिवस वगैरे. तुमची आत्ताची ऑर्डर परत काढाल तेव्हा प्रिंट रात्रभर पंख्याखाली सुट्या ठेवा, या हवेत ओल्यावरच लॅमिनेशन मारलं तर आत ढग धरतात आणि मग चेहरा हिरवा होता तोच बरा वाटतो.