नव्या पिढीच्या महागड्या हायफाय ॲम्प्लिफायरकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत? आवाजात सुधारायला आता काही उरलंय का?

प्रश्नाचा दुसरा भाग सोपा आहे, तो आधी उरकतो. आवाजात सुधारायला फारसं काही उरलेलं नाही. पहिला भाग मात्र माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे, त्यावर थोडं लांबेल.

यवतमाळ जिल्ह्यात आर्णीच्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. भजनी मंडळाचं मशीन, मंडपवाल्याचे भोंगे, ट्रॅक्टरवरचा टेप, उन्हाळ्यात कूलरचे पंप, हे पोटापाण्याचं. हायफाय म्हणावं असं काही वर्षातून तीन-चारदा येतं. नाद मात्र जुना. नववीत असताना ४४४० या ॲम्प्लिफायरच्या आयसीचा बोर्ड बनवला होता, दोन्ही बाजू मिळून बारा वॅट. स्पीकर मडक्याच्या तोंडावर बसवला आणि मायच्या शिव्या खात गल्लीभर वाजवला. त्या मडक्याइतका बास मला पुढे कित्येक वर्षं मिळाला नाही, किंवा तसं वाटतं तरी.

आवाजाचं असं, की १९७८ साली इंग्लंडात क्वाड या ॲम्प्लिफायर कंपनीच्या पुढाकाराने एक चाचणी झाली होती. त्यांचाच १९५३ चा व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा) क्वाड-२, १९६७ चा ट्रान्झिस्टरवाला ३०३ आणि १९७५ चा ४०५. कोणता वाजतोय ते न सांगता जाणकारांना ऐकवले, आणि त्यांना ते वेगवेगळे ओळखता आले नाहीत. ही गोष्ट जवळपास पन्नास वर्षांपूर्वीची. त्यानंतर हळूहळू क्लास डी रुळला, म्हणजे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून चालणारा ॲम्प्लिफायर. ('डी' म्हणजे डिजिटल नव्हे हो. ए, बी, सी झाले म्हणून पुढचं अक्षर, एवढंच.) सुरुवातीच्या क्लास डीमध्ये खोट होती. शेवटच्या फिल्टरमुळे स्पीकर बदलला की वरच्या पट्टीचा आवाजही बदलायचा. ब्रुनो पुत्झेस या बेल्जियन इंजिनिअरने फिलिप्समध्ये असताना फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल परत आणून चूक सुधारणं) फिल्टरच्या पुढून घ्यायची युक्ती बसवली, मग तीच हायपेक्स कंपनीत पुढे नेली आणि २०१९ साली प्युरिफाय कंपनीतून आयगनटाक्ट नावाने आणखी घोटून काढली. त्यातली विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) टक्क्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. टेक्निक्सने तर २०१४ सालीच गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर हायफायमध्ये आणले होते, ते सिलिकॉनपेक्षा झपाट्याने चालू-बंद होतात. इथून पुढे शून्यं वाढवत नेली तरी माणसाच्या कानाला त्याचं काय? स्पीकर आणि खोली यांनी होणारा फरक याच्या शेकडो पट असतो. माझ्या खोलीवर टिनाचं छप्पर आहे. एका विशिष्ट सुराला ते स्वतःच गायला लागतं, तिथे कोणाचा आयगनटाक्ट काय करणार.

व्हॉल्व्हवाल्यांशी माझं भांडण नाही. तो आवडीचा मामला आहे.

आता अपेक्षांकडे येतो, आणि त्यासाठी एक मशीन दाखवतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. सोबत नातू, नातवाच्या हातात गोधडीत गुंडाळलेला ॲम्प्लिफायर. निवृत्तीचे पैसे मिळाल्यावर हौसेने घेतलेला, विदेशी, किंमत एका चांगल्या मोटारसायकलच्या दुप्पट. म्हणाले, "पाहा बरं भाऊ, याले काय झालं. लाइट लुकलुक करते अन् चालूच नाही होत." वॉरंटी दोन वर्षांची होती, मशीन तिसऱ्या वर्षी बसलं. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की अख्खा बोर्ड बदलावा लागेल, बाहेरून मागवावा लागेल, दोन महिने आणि ६५ हजार.

उघडलं. आतलं काम पाहून पहिल्यांदा तर जीव हरखला. पाटीसारखं जाड ॲल्युमिनियम, एक वायर वाकडी नाही. मग टॉर्च मारली तर पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात हीटसिंकला अगदी खेटून एक बोराएवढा कंडेन्सर. २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. वरचं प्लॅस्टिक ताणून आक्रसलेलं आणि त्यावर छापलेलं: ८५ अंश. फुगलेला नव्हता. मीटरला लावला तर आतून पार कोरडा. बाजूच्या आयसीचा नंबर पॉलिश कागदाने खरवडून टाकलेला, म्हणजे माझ्यासारख्याला कळूच नये काय आहे ते. दुकानातला १०५ अंशांचा कंडेन्सर घेतला, पाय लांब ठेवून हीटसिंकपासून दूर वाकवला, डाग दिला. मग सीरिज बल्बवर लावलं, म्हणजे लाईन आधी बल्बमधून दिली, आत शॉर्ट असेल तर बल्बच पेटत राहतो. शंभरचा बल्ब क्षणभर भक्कन पेटला, हळूहळू मंद होत लाल तार राहिली, आणि आतून रिलेचा टक्क आवाज आला. गुरुजींनी तो आवाज ऐकला आणि मांडीवर थाप मारली. कंडेन्सर पाच रुपयांचा होता. मी मजुरी तीनशे घेतली, आठ दिवसांनी नातू तुरीच्या डाळीची पिशवी देऊन गेला.

आता यातलं गणित पाहा. अशा कंडेन्सरबद्दल कारागिरांचा एक ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांचा साधा कंडेन्सर ८५ अंशांवर समजा २००० तास टिकतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६, कूलर बंद असलेल्या खोलीत ४३, आणि बंद डब्याच्या आत हीटसिंकजवळ त्यात तीसेक अंशांची भर. म्हणजे ७५ च्या आसपास, म्हणजे ४००० तास. रोज पाच तास वाजवलं तर सव्वादोन वर्षं. त्याच जागी १०५ अंशांचा घातला असता तर तेच आयुष्य सोळा हजार तासांवर गेलं असतं, पावणेनऊ वर्षं. वर्षभर मे नसतो हे खरं, पण स्टँडबायचा भाग चोवीस तास चालू असतो हेही खरं. दोन्ही कंडेन्सरच्या भावात रुपया-दोन रुपयांचा फरक. युरोपातल्या २२ अंशांच्या खोलीत बसून ज्याने तो निवडला त्याला मी दोष देत नाही. त्याने आमचा मे पाहिलेला नाही. पण विकायला तर इथे आणलं ना?

म्हणून माझी पहिली अपेक्षा: कागदावर लिहून द्या की हा ॲम्प्लिफायर ५० अंशांच्या हवेत पूर्ण ताकदीने चालतो. क्लास ए वाल्यांना हे जमणार नाही. २५ वॅट देणारा क्लास ए दीडशे-दोनशे वॅट सतत खातो, गाणं वाजो न वाजो. डिसेंबरात हात शेकायला ठीक. मे महिन्यात एका कोपऱ्यात कूलर आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती शेगडी, दोघंही विजेवर. क्लास डी नव्वद टक्क्यांच्या जवळपास वीज स्पीकरला पोचवतो, म्हणून माझी आशा त्याच्यावर. आवाजासाठी नाही, उन्हाळ्यासाठी.

दुसरी अपेक्षा लाईनची. शहरात राहणाऱ्याला व्होल्टेज म्हणजे २३० असं वाटतं. आमच्याकडे रब्बीत थ्री फेज आली आणि शिवारातले पंप एकदम सुरू झाले की गावात १६०-१७० होतं, पंप बंद झाले की २६० वर उडी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डीपीवर न्यूट्रल तुटणं. मग दोन फेजच्या मध्ये सापडलेल्या घरात २३० च्या जागी ४०० पर्यंत चढतं आणि एका रात्रीत आळीतले सगळे टीव्ही माझ्या दुकानात. आमच्या बाजारात एलईडी दिव्यांवरसुद्धा '४४० व्होल्ट प्रोटेक्शन' छापलेलं असतं, शे-दीडशेच्या दिव्यावर. लाख रुपयांच्या ॲम्प्लिफायरवर का नाही? ९० ते २८० पर्यंत निवांत चालावं, त्यावर गेलं की स्वतःला तोडून घ्यावं, लाईन सुधारली की परत जोडून घ्यावं. यात अवघड असं काही नाही, कोणाला वाटलं पाहिजे एवढंच.

पालीचंही सांगून ठेवतो, हसू नका. थंडीत ऊब शोधत पाल मागच्या जाळीतून आत शिरते, पाठोपाठ मुंग्या. पॉवर बोर्डावर लॅकरचा हात मारलेला असेल तर निम्म्या भानगडी टळतात.

दुरुस्तीबद्दल माझं मन जास्त दुखतं. जुन्या भारतीय आणि जपानी मशीनच्या तळाला किंवा पुस्तकात आतला नकाशा चिकटवलेला असायचा, म्हणून माझ्यासारखा आयटीआयवाला शिकला. आता नकाशा मागितला तर गुपित म्हणतात. नेल्सन पास नावाचा अमेरिकन डिझायनर आहे, जगातले नावाजलेले क्लास ए त्याचे. तो आपल्या कित्येक सर्किटचे नकाशे फुकट वाटतो, लोक घरी बनवतात, आणि तरी त्याची मशीनं विकली जातातच. मग बाकीच्यांना भीती कशाची? आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणं आहेत. ट्रॅक्टरवाल्याला नकाशा आणि सुटे भाग मागायचा विचार निदान सुरू झाला, तसा गुरुजींनाही मागता यावा.

सुट्या भागांचा प्रश्न वेगळाच. ५२००-१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी आमच्या धंद्याची बैलजोडी, मंडपाच्या निम्म्या मशीनमध्ये तीच. बाजारात डुप्लिकेट इतके, की एकदा जळालेला एक नग हातोडीने फोडून पाहिला. वरून अगदी अस्सल, आत सिलिकॉनचा तुकडा तिळाएवढा. अस्सलमध्ये तो डोळ्यात भरतो. कंपनीने अधिकृत सुटे भाग दहा वर्षं विकायची हमी दिली, तर मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारातल्या नशिबावर अवलंबून राहावं लागणार नाही.

वॅटबद्दल थोडक्यात. पीएमपीओच्या (क्षणभराच्या फुगवलेल्या वॅटच्या) जमान्यात मुठीएवढ्या डब्यावर १२०० वॅट लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. महागड्या मालात तितकं खोटं नसतं, पण 'एका मिलिसेकंदासाठी' वगैरे पळवाटा असतात. घरात साधारण स्पीकरवर आपण बहुतेक वेळ एक-दोन वॅटमध्येच ऐकतो. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर वीज दहापट लागते, म्हणून वरची राखीव ताकद हवी, पण तो आकडा खरा हवा. आणि त्याहून महत्त्वाची शांतता. शहरातल्या हायफायवाल्याला हे कळत नाही, पण आमच्याकडे जानेवारीच्या रात्री अकरानंतर इतकं चिडीचूप असतं की ट्वीटरमधला हलका सूंऽऽ आवाज खाटेवरून ऐकू येतो. मोजणीतला आवाज-खरखर गुणोत्तराचा आकडा इथे कानांना खराखुरा जाणवतो. (पावसाळ्यात रातकिडे सगळं भरून काढतात, तेव्हा काही फरक पडत नाही.)

शेवटची अपेक्षा जरा वेडी वाटेल. मागे एक डीसीचं भोक द्या. घरोघरी इन्व्हर्टर आले, छपरावर सोलर आलं. पॅनल डीसी देतं, बॅटरी डीसी साठवते, इन्व्हर्टर त्याचं एसी करतो, तेही स्वस्त इन्व्हर्टर असेल तर चौकोनी लाटेचं आणि घरघरतं, आणि मग ॲम्प्लिफायर आत पुन्हा त्याचं डीसी करतो. कशासाठी? मी स्वतः दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडून २४ व्होल्टवर क्लास डीचा एक छोटा बोर्ड चालवतो. आठ ओहमच्या स्पीकरला तीसेक वॅट मिळतात, हमिंगचा पत्ता नाही, आणि लाईन गेल्याचं गाणं संपल्यावर कळतं. गुरुजी एकदा येऊन ऐकून गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माह्यावालं काऊन असं नाही चालत?"

तुम्ही लवकरच घेणार असाल तर दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा: किती अंशांच्या हवेपर्यंत चालतो, किती व्होल्टेजपर्यंत तग धरतो, आणि नकाशा देता का. पहिल्या प्रश्नावर तो माहितीपत्रक चाळायला लागला तर चांगला माणूस आहे. 'साउंडस्टेज'बद्दल (आवाज समोर कसा पसरतो त्याबद्दल) बोलायला लागला तर चहा पिऊन निघा.