पर्माकल्चर बागेत तीन महिने राहायचंय? आधी बारमाही गडी कोण ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत आहात, मार्च ते मे बिनपगारी रजा मिळतेय आणि कोकणात किंवा गोव्यात एखाद्या पर्माकल्चर शेतावर (रानासारखी वेगवेगळ्या थरांची झाडं, माती आणि पाणी यांची सांगड घालून केलेली शेती) स्वयंसेवक म्हणून राहायचंय. दोन ठिकाणी बोलणं झालंय. एक जण राहण्या-जेवणाचे रोजचे पैसे मागतोय, दुसरा फुकट ठेवतो पण दिवसाला सहा तास काम सांगतोय. जर्मनीची एक मैत्रीणही पंधरा दिवस येईन म्हणतेय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आपण असं फुकट राबून कुणा मजुराच्या पोटावर पाय तर देत नाही ना.

मी सावंतवाडीच्या बाजूला एका बागेत काम करते. वर कातळ, मध्ये काजू, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला माड-पोफळी, अशी ती बाग आहे. येणाऱ्या मुलामुलींना कामाला लावणं आणि त्यांच्या जेवणखाणाचं बघणं माझ्याकडे असतं. तेव्हा हे सगळं त्या बाजूने लिहिलेलं आहे असं समजा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाग निवडायची किल्ली त्यातच आहे. नवा माणूस पहिले काही आठवडे बागेला महागच पडतो. गड्याला "खालच्या कुणग्यातली बेणणी करून घे" (म्हणजे खालच्या तुकड्यातलं गवत काढ) एवढं सांगितलं की पुरतं. नव्या माणसाशेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर गवताबरोबर मिरीचे वेल जातात आणि गेल्या पावसात लावलेली कोकमाची रोपंही. त्यामुळे नीट चाललेल्या बागेत तुमच्यामुळे कुणाची हजेरी बुडत नाही. पण अशाही जागा आहेत जिथे मालकाने गडी ठेवलेलेच नाहीत, आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांच्या जिवावर सगळं चाललेलं असतं. अशा ठिकाणी झाडांचे हाल होतात आणि मुलंही काही शिकत नाहीत, कारण शिकवायला कुणी नसतंच. दर पंधरवड्याला नवी तुकडी येते आणि आधीच्या तुकडीने केलेलं उपसते.

म्हणून दोन्ही ठिकाणी फोन करून पहिला प्रश्न हा विचारा: बारमाही कामाला कोण आहे, आणि किती वर्षांपासून? एखादं गावातलं जोडपं किंवा राखणीला राहिलेलं नेपाळी कुटुंब (आंब्याच्या बागांमधून ही कुटुंबं आता जागोजागी दिसतात), किंवा रोज वाडीतून येणाऱ्या दोघी-तिघी बायका असतील, तर त्या बागेत शिकायला मिळेल. "आमच्याकडे सगळं स्वयंसेवकच करतात" असं उत्तर अभिमानाने आलं तर मी तरी जाणार नाही. दुसरा प्रश्न, बाग विकते काय? काजू, कोकम, नारळ, सुपारी, रोपं, काहीही चालेल. फक्त खोल्या आणि शिबिरं विकली जात असतील तर ते पाहुणेघर आहे. तिथे खुशाल राहा, पण शेती शिकायला आलोय असं मनाशी धरू नका. तिसरा प्रश्न जरा आगाऊ वाटेल: जेवणाला चूल एक की दोन? गडी पडवीत पेज जेवतायत आणि स्वयंसेवक आत वेगळं काही, असं असेल तर तुम्ही तीन महिन्यांत त्यांच्याशी दहा वाक्यंसुद्धा बोलणार नाही. आणि बागेतलं निम्मं ज्ञान त्यांच्याकडे असतं.

निम्मं म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण देते. गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) दांडे लावायचं काम बहुतेक प्रत्येक बागेत असतं. कुंपणाला होतो, पाला खताला होतो, मुळं नत्र धरतात, त्यामुळे पर्माकल्चरवाल्यांचं ते लाडकं झाड. पुस्तकात एका ओळीत असतं: फांदी तोडा, पावसाच्या तोंडावर खोचा. प्रत्यक्षात आमच्याकडच्या एक काकी आधी कोयती दगडावर घासतात, मग फांदी डाव्या हातात तिरकी धरून खालचं टोक एका घावात तिरपं करतात. दुसरा घाव घालत नाहीत, कारण बोथट कोयतीने दोन-तीनदा हाणलं की साल चिरते आणि दांडा तिथूनच कुजतो. वरचं टोकही तिरकं, म्हणजे पाणी साचत नाही. खड्डा पहारेने आधी पाडून घ्यायचा. दांडा थेट ठोकला तर साल मातीत सोलवटते. आणि मग दांड्यावर अंगठा फिरवून डोळे कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं. शहरातून आलेली दहातली चार मुलं तो उलटा लावतात. काकी रागावत नाहीत, फक्त म्हणतात, "उलटो लावलंस तर तो वर खंयसून (कुठून) येतलो?"

हे कुठल्याही प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात येत नाही. पर्माकल्चरचा तो ७२ तासांचा डिझाइन कोर्स वाईट नाही हो, जमिनीकडे बघायची नजर येते. पण त्याची फी आणि स्वयंसेवक म्हणून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काही ठिकाणी त्यांची मुद्दाम सरमिसळ केलेली दिसते. पैसे भरलेत तर शिकवण्याचे तास ठरलेले असायला हवेत, नुसतं खोरं हातात देऊन चालणार नाही.

शिवाय कोर्समधलं सगळं इथे जसंच्या तसं चालतही नाही. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात पर्माकल्चर मांडलं ते ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, थंड हवेत. मॉलिसन १९८७ साली भारतात शिकवायला आले ते तेलंगणातल्या झहीराबादजवळच्या पस्तापूरला, म्हणजे कोरडवाहू मुलखात. तिथल्या कामाचा विस्तार पुढे खूप झाला, २०१७ची जागतिक पर्माकल्चर परिषदही तेलंगणातच भरली. पण तिथलं पाण्याचं गणित वेगळं. इथे कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये विहिरीला तळ दिसतो, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. उताराला आडवे चर खणून पाणी अडवायचं हे व्हिडिओत छान दिसतं. जुलैत एका रात्रीत ढगफुटीसारखा पडला की पाणी चराचा काठ फोडून खालच्या काजूची माती घेऊन जातं. म्हणून सांडवा कुठे ठेवलाय हे आधी विचारायचं. आमचे जुने लोक उतारावर जांभ्याचे गडगे रचत आले. गडग्यातून पाणी झिरपतं आणि माती मागे राहते. गोव्यात फोंडा-सत्तरीकडे एखादं चालू कुळागर (पारंपरिक बागायत) बघून या. माड, पोफळी, पोफळीवर मिरी, खाली केळी, जायफळ, आणि मधून पाट. पर्माकल्चरच्या चित्रातले सगळे थर तिथे कधीपासूनच आहेत, फक्त वहीत काढलेले नसतात.

आच्छादनाचंही (मातीवर पसरलेल्या पालापाचोळ्याचंही) तसंच. थंड देशात घातलेलं आच्छादन दोन-दोन वर्षं टिकतं. इथे उष्णता, ओल आणि वाळवी मिळून एका पावसाळ्यात ते फस्त करतात. म्हणून पातेरा (वाळका पाला) गोळा करणं हे दरवर्षीचं, न संपणारं काम आहे आणि ते हमखास स्वयंसेवकांच्या वाट्याला येतं. सोपं दिसतं म्हणून देतात, पण धोका इथेच जास्त. पाल्याच्या ढिगात आणि जांभ्याच्या दगडाखाली फुरसं नावाचा साप असतो. वीतभर दिसतं, पण विषारी. हात घालण्याआधी काठीने ढीग उलटायचा, घोट्यावर येणारे बूट घालायचे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हातपाय न हलवता थेट रुग्णालय. बागेला विचारून ठेवा की प्रतिसर्पविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री गाडी कोण काढतं. याचं उत्तर जिथे चटकन येत नाही तिथे जाऊ नका.

दोडामार्ग किंवा सत्तरीच्या पट्ट्यात जाणार असाल तर माकडतापाचंही विचारा. तो गोचिडीतून येतो, साधारण जानेवारीपासून पावसापर्यंत त्याचा जोर असतो, म्हणजे नेमके तुमचे महिने. पातेरा गोळा करताना पूर्ण बाह्या, विजार मोज्यात खोचलेली, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. ताप आला तर 'उन्हाचा असेल' म्हणून अंगावर काढायचा नाही. घाबरवत नाही, इथली माणसं रोज रानात जातात. पण त्यांना कुठे बसायचं नाही ते ठाऊक असतं.

आता महिन्यांबद्दल. खरं सांगायचं तर शिकायला उत्तम काळ म्हणजे जून-जुलै आणि मग नोव्हेंबर-डिसेंबर. पावसाळ्यात लावणी होते, आणि दिवाळीनंतर व्हाळाला बंधारा घालतात, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून, मध्ये पेंढा-पाला चेपून. पाणी तुंबून पाटाला लागलं की सगळी वाडी बघायला येते. मार्च-एप्रिल-मेमध्ये यातलं काही दिसणार नाही.

पण तुमची रजा तेव्हाचीच आहे, तर काय मिळेल ते ऐका. मार्चात काजू वेचणी. सकाळी ऊन चढायच्या आत, पडलेलं बोंडू (काजूचं फळ) उचलायचं, बी पिळून वेगळी करायची. झाडावरची ओढून काढायची नाही, पिकली की आपोआप पडते. बोंडवाच्या रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, तेव्हा जुने कपडे आणा. कच्ची बी घरी भाजायचा उद्योग करू नका, टरफलातल्या तेलाने कातडी सोलून निघते. झाडावर लाल मुंग्यांची पानं शिवलेली घरटी दिसतील, आम्ही ओंबील म्हणतो. चावतात जबरदस्त. तरी मोडू नका, मोहोरावरच्या ढेकण्याला (रस शोषणाऱ्या किडीला) त्या आवरतात. बोंडू आमच्याकडे बहुतेक झाडाखालीच कुजतात, पलीकडे गोव्यात त्याचा हुर्राक (दारू) होतो. यावर माझं मत विचारू नका.

दुपारी अकरा ते चार कुणी काम सांगत असेल तर ती बाग सोडा. एप्रिलमध्ये त्या वेळी गडीसुद्धा कातळावर उभे राहत नाहीत. संध्याकाळी शिपणं (झाडांना पाणी घालणं) असतं. याच दिवसांत वणव्याची भीती, शेजारच्या डोंगरावर कुणी गवत पेटवलं की सगळ्यांनी ओल्या फांद्या घेऊन धावायचं. त्या रात्री नवा-जुना, पगारी-बिनपगारी काही उरत नाही. मेमध्ये रातांबे (कोकमाची फळं). फोडून बिया काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी आगळ-सोलांची गडबड पहिल्या वळवापर्यंत चालते. रजा पंधरा दिवस पुढे सरकवता आली तर जरूर सरकवा. मिरगाचा पहिला पाऊस आणि लावणीची सुरुवात मिळेल. तेव्हा पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोचा (चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो.

पैशांचं. दिवसाला चार ते सहा तास काम आणि त्याबदल्यात राहणं-जेवण हा जगभर रुळलेला रिवाज आहे, तेव्हा सहा तास म्हणणारा काही लुटत नाही. आठवड्याची सुट्टी आहे का तेवढं विचारा. जेवणाचे पैसे घेणाऱ्यावरही लगेच शिक्का मारू नका. पंधरा दिवसांसाठी येणाऱ्याकडून घेणं मला रास्त वाटतं, त्याचं कारण वर आलंच आहे. तीन महिने राहणाऱ्याकडून शेवटपर्यंत तेवढेच घेत असेल तर मात्र बोलून बघा. दुसऱ्या महिन्यात तुम्ही एकट्याने शिपणं सांभाळायला लागता, तेव्हा हिशोब बदलायला हवा.

एक गोष्ट तुम्हाला खटकेल म्हणून आधीच सांगते. बऱ्याच ठिकाणी बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी असते, त्याच कामाला. आमच्या मालकांनी ती सारखी केली तेव्हा आजूबाजूचे बागायतदार 'तुम्ही दर बिघडवता' म्हणून कुरकुरले. तुम्ही जाल तिथे हे दिसलं तर बायकांसमोर भाषण देऊ नका, त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मालकाला एकट्यात विचारा. तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला विचारायची सोय आहे, त्यांना नाही.

मैत्रिणीचं: परदेशी नागरिक मुक्कामाला आला की ठेवून घेणाऱ्याने चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची असते. बागवाल्यांना हे माहीत आहे का ते तिच्या तिकिटाआधी विचारा, घरगुती बागांना बरेचदा नसतं. पर्यटक व्हिसावर अशा कामाचं काय ते तिने तिकडच्या भारतीय दूतावासात विचारून घेतलेलं बरं. ती काटेकोर शाकाहारी असेल तर तेही आधी कळवा. ऑरोविलच्या साधना फॉरेस्टसारख्या ठिकाणी सगळा स्वयंपाकच व्हीगन असतो, आमच्याकडे दुपारच्या पानात बांगडा नसला तर गडी विचारतात, आज काय झालं म्हणून.

त्या दोन बागांची नावं इथे लिहू नका, पण तालुका कोणता आणि पहिल्या तीन प्रश्नांना काय उत्तरं आली ते सांगा. मग कुठल्या ठिकाणी जावं ते ठरवायला मदत करता येईल.