वाचकांचे प्रश्न : पॉइंट आठवर अडकलेला प्रोसेसर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दौलतगंजाजवळ राहते आणि घरीच गाणं शिकवते. विद्यार्थ्यांना रियाजासाठी तानपुरा, तबला आणि पेटीचे ट्रॅक ‘लॉजिक प्रो’मध्ये तयार करून देते. मॅक घेणं तेव्हा परवडत नव्हतं, म्हणून भाच्याने सुटे भाग आणून संगणक जोडून दिला आणि त्यावर मॅकओएस बिग सर घातली. इंटेलचा आय-५ १०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड आहे. सुरुवातीला सुरेख चालला. मग भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि एक दिवस संगणक सुरूच होईना. इथल्या एका दुकानात दिला. सुरू होऊन आला, पण तेव्हापासून तीन ट्रॅक लावले तरी ‘सिस्टिम ओव्हरलोड’ची पाटी येते. दुकानदार म्हणतात, हा ग्वाल्हेरचा उन्हाळा आहे, प्रोसेसर तापतो. लिक्विड कूलर बसवा आणि रॅम ३२ करून घ्या. पण थंडीत पहाटे सुरू केला तरी तेच रडगाणं. भाच्याने फोनवरून ‘इंटेल पॉवर गॅजेट’ उघडायला लावलं. त्यात फ्रिक्वेन्सीचा आकडा ०.८० आहे आणि गाणं वाजत असतानाही तो हलत नाही. तापमान ४५ ते ५० अंश. ‘अबाउट धिस मॅक’मध्ये मात्र २.९ गिगाहर्ट्झ दिसतं. कूलर घेऊ का? की हा विकून मॅक मिनीच घ्यावा?

उत्तर : ताई, कूलर घेऊ नका आणि रॅमवरही आत्ता एक रुपया घालू नका. तुमचं पत्र वाचून मला आधी राग आला तो त्या सल्ल्याचा. आकडा न बघता सुटे भाग विकणं आपल्याकडे फार वाढलं आहे, आणि ज्यांची मिळकत त्या यंत्रावर अवलंबून आहे त्यांनाच त्याचा भुर्दंड बसतो. तुम्ही आकडा पाहिलात, तापमान लिहिलंत, थंडीतल्या पहाटेचाही उल्लेख केलात. एवढ्यावरून निदान बरंचसं होतं.

तापून मंदावणारा प्रोसेसर आधी पळतो, पळून तापतो आणि मग मंदावतो. १०४०० ची तापमानाची मर्यादा १०० अंश आहे. त्याच्या जवळ गेल्यावर तो स्वतःला आवरतो. तुमचा ५० अंशांवर आहे आणि मुळात पळतच नाही. ०.८०, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ, ही त्याची सगळ्यात खालची पायरी. काम नसलं की त्याने तिथे टेकायचं असतं. काम आलं की सहाही कोअर मिळून ४.० पर्यंत आणि एकच कोअर राबत असेल तर ४.३ पर्यंत जायला हवं. तुम्हाला पाचव्या हिश्श्याचा संगणक मिळतो आहे. ‘अबाउट धिस मॅक’मधल्या २.९ कडे लक्ष देऊ नका. तो प्रोसेसरचा छापील मूळ वेग आहे, या क्षणीचा नाही. पुष्कळ लोक त्या आकड्यावर विसंबून ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात.

मग त्याला वर कोण चढवतं? मॅकओएसमध्ये प्रोसेसरची वीज आणि वेग सांभाळणारा एक भाग आहे, त्याला एक्ससीपीएम म्हणतात. हा भाग आधी विचारतो की मी कोणत्या मॅकवर आहे. त्या मॉडेलच्या नावाने अ‍ॅपलने वेगाचं एक कोष्टक ठेवलेलं असतं, ते तो उचलतो आणि त्याप्रमाणे प्रोसेसरला चढउतार करायला सांगतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या यंत्रात ही सगळी ओळख कारखान्यातूनच पटवलेली असते. जोडलेल्या संगणकात ती आपल्याला ‘ओपनकोअर’च्या, म्हणजे अशा संगणकावर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ईएफआय फोल्डरमधून पटवून द्यावी लागते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे एसएसडीटी-प्लग नावाची अगदी छोटी फाइल, जी प्रोसेसरच्या नोंदीवर ‘प्लगिन-टाइप’ची खूण करते. दुसरी म्हणजे मॉडेलचं योग्य नाव. दहाव्या पिढीच्या या प्रोसेसरला ‘आयमॅक २०,१’ हे नाव शोभतं, कारण २०२० च्या २७ इंची आयमॅकमध्ये याच पिढीचे प्रोसेसर होते.

दुकानात काय झालं असावं याचा माझा अंदाज असा. संगणक सुरू होत नव्हता, म्हणून त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचा तयार ईएफआय फोल्डर आणून चिकटवला. सुरू झाला, पैसे घेतले. पण त्यातली एसएसडीटी-प्लग फाइल दुसऱ्या बोर्डाची असणार. तिच्यात प्रोसेसरचा पत्ता लिहिलेला असतो आणि तो बोर्डागणिक बदलतो. कुठे ‘सीपीयू०’, कुठे ‘पीआर००’. पत्ता चुकला तर फाइल निमूटपणे वाचली जाते, काहीच करत नाही आणि कसली चूकही दाखवत नाही. किंवा मॉडेलचं नाव एखाद्या मॅकबुकचं असेल, मग कोष्टकही लॅपटॉपचं लागतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा यंत्रांत या दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात.

अंदाज खरा की खोटा, हे पैसे न घालवता ठरवता येतं. उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक पेनड्राइव्ह करा आणि संगणक त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल काही करायचं नाही, ‘ट्राय उबुंटू’ निवडायचं. तिथल्या टर्मिनलवर ‘प्रॉक’मधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल उघडली की प्रत्येक कोअरचा मेगाहर्ट्झमधला वेग दिसतो. ब्राउझरमध्ये दोन-चार व्हिडिओ एकदम लावा आणि ती फाइल पुन्हा पुन्हा वाचा. आकडे चार हजारांच्या आसपास उड्या मारू लागले तर प्रोसेसर, बोर्ड, पंखा आणि वीजपुरवठा सगळे निर्दोष आहेत आणि दोष फक्त त्या फोल्डरात आहे. ही चाचणी केल्याशिवाय कोणालाही स्क्रू उघडू देऊ नका. उबुंटूवरही ८००च राहिला, तर मात्र बोर्डच प्रोसेसरला ‘थांब’ असा इशारा देत असतो. त्या इशाऱ्याला प्रॉकहॉट म्हणतात, आणि प्रोसेसर थंड असतानाही बोर्डावरचा वीज सांभाळणारा भाग तो देऊ शकतो. तेव्हा संगणक अशाच ठिकाणी न्यायचा जिथे तुमचा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर बसवून दाखवतील.

जाता जाता बायॉसमध्येही, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही, एकदा डोकवा. स्पीडस्टेप, स्पीड शिफ्ट आणि टर्बो बूस्ट हे तिन्ही चालू असायला हवेत. संगणक सुरू करताना तारीख मागे गेलेली दिसत असेल, तर बोर्डावरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली आहे आणि बायॉसच्या सेटिंग्ज पुसल्या जात आहेत. ती बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. सीएफजी लॉकची, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-वेगाच्या सेटिंगवर बायॉस घालतं त्या कुलपाची, भीती कोणी घालेल, पण ते कुलूप लागलेलं असतं आणि त्यावर तोडगा लावलेला नसता, तर या पिढीचा प्रोसेसर मॅकओएसमध्ये शिरलाच नसता, सुरुवातीलाच कोसळला असता. तुमचा सुरू होतो आहे, तेव्हा ती वाट मोकळी आहे.

मॅकओएसमध्ये परतल्यावर टर्मिनलमध्ये ‘सिस्कंट्रोल’ आज्ञेने ‘मॅकडेप डॉट एक्ससीपीएम डॉट मोड’ विचारा. उत्तर १ आलं तर एक्ससीपीएम जागा आहे आणि मॉडेलच्या नावाचा संशय घ्यायचा. ० आलं तर आधी एसएसडीटी-प्लग.

पुढची दुरुस्ती भाच्याकडूनच करून घ्या, पुण्यातून स्क्रीन शेअर करून ती होते. त्याला एवढं सांगा. बोर्डाच्या भागांचं मूळ कोष्टक (वेगाचं नव्हे) ‘एसएसडीटी-टाइम’ या साधनाने उबुंटूमधूनच काढून घे आणि त्यावरून याच बोर्डाची प्लग फाइल बनव. नवा ईएफआय फोल्डर आतल्या डिस्कवर न टाकता फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर ठेव आणि त्यावरून सुरू करून बघ. काही बिघडलं तर पेनड्राइव्ह काढला की मावशीचा संगणक होता तसा चालू राहील. मॉडेलचं नाव बदलण्याआधी आयक्लाउडमधून बाहेर पड, नव्या नावाला नवा सिरीयल क्रमांक लागतो. आणि एनव्हीरॅम, म्हणजे सुरू होतानाच्या सेटिंग्ज लक्षात ठेवणारी बोर्डावरची मेमरी, एकदा साफ कर.

आता एक गोष्ट जी हमखास विसरली जाते, आणि तुमच्या कामात तिचा फटका सगळ्यात मोठा आहे. यूएसबीच्या पोर्टांचा नकाशा असलेल्या फाइलमध्येही मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं. ते तिथे बदललं नाही, तर वेग परत येईल पण काही पोर्ट मुके होतील, आणि मायक्रोफोन जोडायचा ऑडिओ इंटरफेस दिसेनासा होईल. मग पुन्हा ‘इंटरफेस जळला, नवा घ्या’ असं ऐकावं लागेल. भाच्याला हे आधीच सांगून ठेवा.

वेग परत आल्यावरही लॉजिक कधी अडखळलंच, तर एक सवय लावून घ्या. जो ट्रॅक निवडलेला असतो, तो लॉजिक थेट वाजवण्याच्या तयारीत ठेवतं आणि त्याचा सगळा भार एकाच कोअरवर पडतो. रेकॉर्डिंग करायचं नसेल तेव्हा एक रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडायचा आणि मग प्ले दाबायचं. मिक्स करताना बफर १०२४ वर न्या, गाताना १२८ वर आणा. पेटीसारख्या सॅम्पलवर चालणाऱ्या वाद्याचा ट्रॅक पक्का झाला की फ्रीझ करून टाका.

राहिला मॅक मिनीचा प्रश्न. घाईने विकू नका, पण मॅक मिनीसाठी पैसे बाजूला टाकायला आजपासून लागा. अ‍ॅपलने २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे वळायला सुरुवात केली, आणि मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. तुमच्या बिग सरला तर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं केव्हाच थांबलं आहे. विद्यार्थ्यांच्या पालकांचे पैसे, बँकेचे व्यवहार या यंत्रावरून करत असाल, तर ते आजच फोनवर हलवा. शिवाय अ‍ॅपलच्या परवान्यात मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्याच संगणकावर चालवायची परवानगी आहे. अशी यंत्रं बनवून विकणाऱ्या सायस्टार कंपनीविरुद्ध २००९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने निकाल दिला होता. हे कोणी तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. २०२४ च्या एम४ मॅक मिनीत सुरुवातीलाच १६ जीबी मेमरी मिळते, आणि तानपुरा-तबल्याच्या कामाला ती पुरून उरेल. घेण्याआधी तुमच्या ऑडिओ इंटरफेसचं नव्या चिपसाठीचं ड्रायव्हर आहे का, एवढं पाहून घ्या. लिक्विड कूलर आणि रॅमचे वाचलेले पैसे त्याच डब्यात टाका.

प्रश्न : मी मुरारला राहतो, लग्नाचे व्हिडिओ फायनल कटमध्ये जोडतो. माझ्याही संगणकावर मॅकओएस आहे, प्रोसेसर आय-७ ८७००, मॉडेल आयमॅक १९,१. एक्स्पोर्टला लावला की ४.३ ने सुरू होतो, पाच मिनिटांत २.४ वर येतो, पंखा किंचाळतो आणि तापमान ९९ दाखवतो. हीही फोल्डरची भानगड का?

उत्तर : नाही, तुमचं दुखणं खरोखर उष्णतेचं आहे. ४.३ ला पोहोचतोय म्हणजे एक्ससीपीएम चोख चाललं आहे. वेग ३.५ च्या आसपास उतरून तापमान सत्तरीत राहिलं असतं, तर मी म्हटलं असतं की ही इंटेलने ठरवलेली ६५ वॉटची मर्यादा आहे, सोडून द्या. पण ३.२ या मूळ वेगाच्याही खाली आणि तेही ९९ अंशांवर, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही.

संगणक बंद करून, वायर काढून, आधी पंख्याखालच्या चार पांढऱ्या पिना तपासा. इंटेलच्या सोबत आलेल्या पंख्याची एखादी पिन सुटलेली असते आणि तो एका कोपऱ्यातून उचललेला असतो. मी उघडलेल्या यंत्रांत हे कारण सगळ्यात जास्त वेळा सापडलं आहे. चारही पक्क्या असतील तर पंखा काढा, वाळून भुकटी झालेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. पंख्याच्या पात्यांखाली, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांत आपल्याकडच्या आंधीची धूळ गालिच्यासारखी बसते, ती वरून दिसत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा खोलीतला कूलर संगणकाकडे तोंड करून ठेवण्याची चूक घरोघरी होते. त्या हवेत पाण्याचे तुषार असतात. कूलरचं तोंड दुसरीकडे करा, कॅबिनेट जमिनीवरून टेबलावर घ्या आणि मागच्या बाजूला भिंतीपासून वीतभर जागा सोडा. मोठे एक्स्पोर्ट रात्री लावा. एवढं करूनही ९५ च्या वर गेला तर दुसरा पंखा घ्या, पण तोही हवेवर चालणारा, उंच टॉवरचा. ८७०० ला पाण्याच्या कूलरची गरज नाही, आणि पाण्याचा पंप बिघडला तर तो ऐन लग्नसराईतच बिघडणार.